हत्यारांचा कायदा कोणासाठी?

अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे नियम १९९५ साली जारी झाले. त्यातला तिसरा नियम किती पोलीस अधिकाऱ्यांनी वाचला आहे? अत्याचाराची भीती असलेले भाग शोधा, गरज असेल तर तेथील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करा, बंदुका सरकारी शस्त्रागारात जमा करा, बेकायदा हत्यारे जप्त करा, असे हा नियम सांगतो. आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्या, असेही सांगतो. पाणी मुरते ते ‘गरज असेल तर’ या शब्दांत. ही गरज शासन ठरवणार आणि शासनाचे कान-डोळे म्हणजे पोलीस ठाणे!

बिहारमध्ये रणवीर सेनेवर १९९५ सालीच बंदी आली होती. बंदी कागदावर राहिली, बंदुका हातात राहिल्या. ११ जुलै १९९६ रोजी बथानी टोला येथे २१ जणांना मारले. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे येथे बायका-मुलांसह ५८ जणांना मारले. दोन्ही खटल्यांत खालच्या न्यायालयाने शिक्षा दिल्या, पाटणा उच्च न्यायालयाने २०१२ आणि २०१३ साली आरोपींना सोडले. मग या माणसांना मारले कोणी? आणि नियम अंमलात येऊन दोन वर्षे झाली असताना ती हत्यारे गावागावांत कोणाच्या मेहेरबानीने होती? १७ जुलै २०१९ रोजी सोनभद्रच्या उंभा गावात जमिनीच्या वादात १० आदिवासी मारले गेले, तेव्हाही गोळ्याच चालल्या.

परवान्याच्या अर्जावर ठाण्याचा अहवाल लागतो. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १४ सांगते. पण वाड्यातल्या माणसाने अर्ज केला की ‘जीविताला धोका’ आणि वस्तीतल्या माणसाने केला की ‘शांततेला धोका’, ही ठाण्याची भाषा आमच्या ओळखीची आहे. शूद्रांच्या हातात शस्त्र नव्हते म्हणून ते बंड करू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते.

आम्हाला घरोघर बंदूक नको. संविधान मानणाऱ्या समाजाला ती शोभतही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्यांच्या बंदुकीची भीती आहे त्यांची बंदूक काढून घ्या. मनुष्यबळ नाही, असे पोलीस सांगतील. मग निवडणूक लागली की परवान्याची हत्यारे छाननी करून आठवड्याभरात ठाण्यात कशी जमा होतात? मतपेटीसाठी जे जमते ते वस्तीसाठी का जमू नये?

जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झालीच पाहिजे, असा नियम १७ आहे. आपल्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीआधी माहिती अधिकारात तीन आकडे मागावेत: नियम ३ खाली किती गावे निश्चित केली, किती परवाने रद्द केले, किती हत्यारे जमा केली. उत्तर ‘निरंक’ आले, तर तो कागद घेऊन पोलीस अधीक्षकांसमोर बसावे.