खेळण्यातली आगगाडी आणि आपला प्रवास



जालन्यातल्या आपल्या घरांचे वर्षातले तीन प्रवास ठरलेले असतात. ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा-कोरेगाव आणि अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी. येताना आपण बाबासाहेबांचा फोटो आणतो, पुस्तके आणतो, कॅलेंडर आणतो. लेकरांच्या वाट्याला मात्र फुगा नाहीतर पिपाणी येते.

माझ्या भाच्याला आगगाडीचे वेड आहे. त्याचे आजोबा रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रूळ उचलण्यात त्यांचा जन्म गेला. नातवाला हवी होती रुळावर चालणारी छोटी गाडी. मागे एका मोठ्या शहरात ती शोधत आम्ही एका दुकानात शिरलो. दुकानदाराने आमच्या पायांतल्या चपलांकडे पाहिले आणि म्हणाला, "हात लावू नका, महाग आहे ती." पोरगा बाहेर येऊन गप्प राहिला. रात्री गाडीत त्याने विचारले, "मामा, ती आतून कशी चालते?" मला सांगता आले नाही. बहीण म्हणाली, "दादा, कशाला असला नाद लावतोस पोराला?" मी मात्र तेव्हापासून चौकशीला लागलो. ती माहिती आज देतो.

आपल्या बाजारात मिळते ती बहुतेक सेलवर चालणारी, गोल फिरणारी प्लॅस्टिकची गाडी. खरी नमुना-गाडी वेगळी असते. ती खऱ्या गाडीच्या ठराविक प्रमाणात बनवतात. जगात जास्त चालते ते 'एचओ' माप, म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग. आपला २१ मीटरचा जुना निळा डबा त्यात साधारण २४ सेंटिमीटरचा होतो. एका रुळातून वीज इंजिनाच्या मोटारीत जाते आणि दुसऱ्या रुळाने परत येते. ही वीज १२ व्होल्टची असते. ती वाढवली की वेग वाढतो आणि तारा उलट जोडल्या की गाडी मागे जाते. रुळावर धूळ बसली की गाडी अडते. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते.

आता दुकान कसे ओळखायचे? चांगला दुकानदार गाडी खोक्यात ठेवून विकत नाही, रूळ मांडून चालवून दाखवतो. त्याच्याकडे रुळाचा सुटा तुकडा, चाक, डब्याची कडी मिळते. माप विचारले तर लगेच सांगतो. वेगवेगळ्या मापांची गाडी आणि रूळ जुळत नाहीत, म्हणून माप विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशी जुना संच असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टवर चालतो का, ते बघा. अशी दुकाने आपल्याकडे फार थोडी आहेत आणि परदेशी माल महाग असतो. देशी बनावटीच्या साध्या गाड्या त्या मानाने स्वस्त असतात. मुंबईत महात्मा फुले मंडईच्या आसपास खेळण्यांची दुकाने आहेत, तिथे भाव विचारून पाहावा.

पण विकत घेण्याआधी दाखवा. भीमा-कोरेगावला जाताना पुण्यात एक दिवस जास्त काढा. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. छोट्या गावातून गाड्या धावतात, सिग्नल पडतात, आणि हे सगळे चालवून दाखवतात. नागपूरला कामठी रोडवर मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय २००२ पासून आहे. तिथे जुनी खरी इंजिने जवळून पाहता येतात. सणासुदीला वेळ बदलते, म्हणून आधी चौकशी करून जा.

कोणी म्हणेल, पोट भरायची मारामार, त्यात हे कशाला? मुंबईला जाताना आपली गाडी मनमाडला थांबते. त्याच मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेब अध्यक्ष होते. आपल्या माणसांना गँगमनच्या पुढे सरकू देत नाहीत, हे दुःख त्यांनी तिथे मांडले. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, म्हणून अस्पृश्याला ती साधी जागासुद्धा मिळत नसे. वर्कशॉपातल्या कारागिरीच्या जागा तर दूरच. रूळ टाकायला आमचे हात चालत होते, यंत्राला लागलेले चालत नव्हते. दुकानातले "हात लावू नका" ऐकून मला तेच आठवले.

म्हणून सांगतो, मूल यंत्राला हात लावत असेल तर रागावू नका. बिघडलेले खेळणे फेकू नका, त्याला उघडू द्या. पैसे नसतील तर पुठ्ठा आणि आगपेट्या घ्या. स्टेशनवर उभा असलेला डबा मुलाला पावलांनी मोजायला लावा, आलेल्या मापाला ८७ ने भागायला सांगा आणि तेवढा डबा घरी करा. भागाकारही पक्का होईल. मुलींनाही यात बसवा, त्यांना फक्त भातुकलीच का?

भाच्याला अजून विकतची गाडी मिळालेली नाही. आजोबांनी त्याला रूळ जोडायची फिशप्लेट, स्लीपर आणि खडी कशासाठी असते ते समजावले. खडीमुळे पाणी निघून जाते आणि रूळ जागचे हलत नाहीत, हे म्हाताऱ्याइतके कोणाला ठाऊक? आता दोघे मिळून बुटाच्या खोक्यावर जालना स्टेशन करत आहेत. येत्या १ जानेवारीला तिघेही पुण्याला जाणार आहोत. पुन्हा कोणी चपलांकडे पाहिले तर भाचा त्याला आधी गाडीचे माप विचारणार आहे.