मुक्कामाचे कलम

दिवाळी पहाट झाली की गावोगावच्या व्याख्यानमाला, महोत्सव, पतसंस्थांचे वर्धापनदिन आणि पुढे चैत्र-वैशाखातल्या यात्रा. मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांचा हा हंगाम बहुतांशी मोठ्या शहरांबाहेरच पार पडतो. तालुक्याच्या गावातले नगरपालिकेचे सभागृह, शाळेचे पटांगण, मंगल कार्यालय, समोर तीनशे-चारशे श्रोते. मराठी गाणे आज जिवंत आहे ते अशा छोट्या मंचांवर, आणि ते तिथे पोहोचते ते तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड, की-बोर्ड, बासरी वाजवणाऱ्या पाच-सहा माणसांच्या जोरावर. त्यांच्या मानधनाबद्दल, जाहिरातीत न छापल्या जाणाऱ्या नावांबद्दल अधूनमधून बोलले जाते. कार्यक्रम संपल्यानंतर सकाळपर्यंत त्यांचे काय होते, याबद्दल मात्र कोणीच बोलत नाही.

भैरवी होते. मग सत्कार, आभार, गायिकेभोवती फोटोसाठी गर्दी. त्या गर्दीमागे वादक केबली गुंडाळत असतात. तबल्याची जोडी गवसणीत जाते, ढोलकी पिशवीत, की-बोर्ड पेटीत. कोणती जॅक पिन कोणाची यावरून थोडी शोधाशोध होते. जेवायला बारा वाजतात आणि एकच्या सुमारास गाडी निघते. सतरा आसनांच्या टेंपो ट्रॅव्हलरमध्ये मागच्या रांगा वाद्यांनी भरलेल्या असतात, त्यामुळे माणसे पुढे दाटीवाटीने बसतात आणि मांडीवर ऑक्टोपॅडची बॅग घेऊन डुलक्या काढतात. हाच ऊसगाळपाचाही हंगाम. रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या, रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या दुहेरी ट्रॉल्या अंधारात पुढ्यात उभ्या राहतात. मुख्य गायकाची खोली पुष्कळदा गावातल्या लॉजवर घेतलेली असते. बाकीच्यांनी पहाटेपर्यंत घर गाठायचे, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेले असते.

गाडी कोण चालवतो, हेही पाहिले पाहिजे. दुपारी बाराला पुण्याहून निघालेला तोच चालक. साउंड चेकच्या वेळी तो गाडीत बसून होता, कार्यक्रमभर मंडपाच्या कडेला उभा होता, आणि आता पहाटे तीनला त्याने घाट उतरावा अशी आपली अपेक्षा आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला ८ तास ठरवले होते, आणि विश्रांती धरून कामाचा एकूण पसारा १२ तासांच्या आत ठेवायला सांगितले होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हेच माप भाड्याच्या वाहनांना लावले. आता नव्या कामगार संहिता आल्या, तरी ८ तासांची मर्यादा कायम आहे. दुपारी बाराला निघालेल्या चालकाचे बारा तास मध्यरात्रीच भरतात, म्हणजे आपली गाडी निघते तेव्हा ते उलटून गेलेले असतात. संयोजक, निर्माता, गायक यांपैकी एकानेही हा हिशेब कधी मांडलेला दिसत नाही.

या बेहिशेबाची किंमत काय असते, ते १९५९ च्या अमेरिकेत दिसले. ‘विंटर डान्स पार्टी’ नावाचा दौरा होता. २४ दिवसांत मध्य-पश्चिमेकडची २४ गावे, बहुतेक कार्यक्रम नाचघरांत. त्यातले गायक कोवळे: बडी होली २२ वर्षांचा, रिची व्हॅलेन्स १७ वर्षांचा. गावांचा क्रम लावणाऱ्यांनी नकाशा पाहिलाच नसावा: डुलूथहून ग्रीन बे, तिथून आयोवातले क्लिअर लेक, पुन्हा उत्तरेला मूरहेड, पुन्हा आयोवात. हाडे गोठवणारी थंडी, बसमधली ऊब देणारी यंत्रणा बिघडलेली, एकामागून एक बस बदललेली. एका रात्री बस रस्त्यातच बंद पडली आणि होलीचा ड्रमवादक कार्ल बंच याच्या पायांना हिमदंश होऊन त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. २ फेब्रुवारीचा दिवस आधी रिकामा होता. तो रिकामा राहू नये म्हणून आयोजकांनी क्लिअर लेकच्या ‘सर्फ बॉलरूम’ला फोन केला आणि तिथला कार्यक्रम भरला.

पुढचा मुक्काम सहाशे किलोमीटरच्या आसपास. होलीला आणखी एक रात्र त्या बसमध्ये काढायची नव्हती. आधी पोहोचून झोप घ्यावी, कपडे धुऊन घ्यावेत, एवढेच त्याला हवे होते. म्हणून त्याने छोटे विमान ठरवले, माणशी ३६ डॉलर देऊन. त्याचा बासवादक वेलन जेनिंग्जने आपली जागा दौऱ्यातला दुसरा गायक, तापाने फणफणलेल्या जे. पी. रिचर्डसनला दिली. मध्यरात्रीनंतर उडालेले विमान काही मैलांवरच शेतात कोसळले आणि होली, व्हॅलेन्स, रिचर्डसन हे तिघे गायक व वैमानिक गेले. चौकशीने वैमानिकाच्या अपुऱ्या प्रशिक्षणावर आणि हवामानावर बोट ठेवले, आणि ते खरेच होते. पण त्या गारठलेल्या मुलांना विमानात बसायला भाग पाडले ते दौऱ्याच्या आखणीने. तेवढ्यानेही कोणी थांबले नाही. त्याच रात्री मूरहेडचा कार्यक्रम झाला आणि दौरा पुढे चालू राहिला.

आपल्याकडेही परतीच्या वाटेने माणसे नेली आहेत. अभिनेत्री भक्ती बर्वे २००१ च्या फेब्रुवारीत वाईहून मुंबईला परतताना गेल्या. अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे २०१२ च्या डिसेंबरमध्ये पुण्याहून मुंबईला येताना द्रुतगती मार्गावर गेले. ही नावे लोकांच्या लक्षात राहिली. ऑर्केस्ट्राच्या गाडीतल्या ढोलकीवाल्याचा अपघात जिल्हा पुरवणीत चार ओळींत संपतो.

जुन्या संगीत नाटक कंपन्यांचे बिऱ्हाड एकेका गावात आठवडेच्या आठवडे असे. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवांसारखा तबलिया आणि कादरबक्षांसारखा सारंगिया होता, आणि साथीदार कंपनीच्याच पंगतीला जेवत, कंपनीच्याच मुक्कामावर झोपत. ते दिवस आदर्श होते असे नाही. कंपन्या कर्जात बुडत, पगार थकत. पण वाजवणाऱ्याला झोप लागते, ही गोष्ट त्या व्यवहारात धरलेली होती. रस्ते सुधारले, चारशे किलोमीटर एका रात्रीत कापता येऊ लागले, आणि मुक्काम हा खर्च वाचवण्याच्या यादीत गेला.

यावर पहिले उत्तर येते की वादकांनाच परतायचे असते. ते खरे आहे. कोणाची सकाळी शाळेत संगीत शिक्षकाची नोकरी असते, कोणाचे दुपारी रेकॉर्डिंग, कोणाचा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गावात कार्यक्रम. एका कार्यक्रमाच्या पाकिटात दोन दिवस भागत नाहीत म्हणून ते रात्र विकतात. एवढ्या गरजेतून दिलेला होकार आपण त्यांची मर्जी समजू नये. दुसरे उत्तर संयोजकांचे: गाव लहान, वर्गणी लहान, सात-आठ खोल्यांचे भाडे कुठून आणायचे? ही अडचणही खोटी नाही. पण त्याच संयोजकाकडे जनरेटरचे पैसे असतात, आतषबाजीचे असतात, पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांचे असतात. आणि गावात फक्त लॉजच असतो असे नाही. भक्तनिवास असते, वसतिगृह असते, मंगल कार्यालयाच्या वरच्या खोल्या त्या रात्री रिकाम्या असतात. गाद्या, पांघरुणे, पाणी आणि सकाळचा चहा, एवढ्यावर हा प्रश्न सुटतो.

कार्यक्रमाच्या करारपत्रात मंचाची लांबी-रुंदी, ध्वनियंत्रणा, मॉनिटरची संख्या, मेकअपची खोली, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या असे सगळे लिहिलेले असते. त्यात आणखी एक कलम हवे: कार्यक्रम रात्री दहानंतर संपणार असेल आणि परतीचे अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त असेल, तर गायक, वादक, ध्वनितंत्रज्ञ आणि चालक या सगळ्यांचा मुक्काम गावातच होईल. त्याचा खर्च पहिल्या बैठकीत धरावा, पाकिटातून कापू नये. पुढच्या हंगामाच्या तारखा ठरायला लागतील तेव्हा ज्यांच्या नावावर गर्दी जमते त्या गायक-गायिकांनी हे कलम असल्याशिवाय सही करू नये. संयोजक त्यांचे ऐकतात. ढोलकीवाल्याने ही अट घातली, तर त्या तारखेला दुसरा ढोलकीवाला बोलावला जातो.