थेरपी डॉगसाठी नियम लिहा, आणि त्याला मुलांपर्यंत येऊ द्या

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण



२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, हा त्यातला महत्त्वाचा निर्देश. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं आणि बसस्थानकांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश आला. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता दोन्ही खंडपीठांवर होते. मी शाळकरी मुलांसाठी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे हे दोन्ही आदेश मला एकाच दिवशीच्या कामासारखे वाचावे लागतात. मुलांना कुत्रा चावू नये, ही काळजी रास्तच आहे. रेबीज एकदा उलटला की माणूस वाचत नाही. पण दुसऱ्या आदेशानंतर शाळेच्या फाटकातून कुठलाच कुत्रा आत येता कामा नये, असा अर्थ अनेक मुख्याध्यापक काढू लागले आहेत. लसी घेतलेला, शिकवलेला, पट्ट्याला धरून हँडलरबरोबर ठरल्या वेळी येणारा आणि ठरल्या वेळी जाणारा कुत्रा हा भटका कुत्रा नव्हे, असं सांगणारा सरकारी कागद त्यांच्या हाती नाही. त्या कागदासाठी हे पत्र.

प्रश्न केवढा आहे ते आपण जाणता. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. आपल्याकडे १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, शाळांमध्ये हळूहळू समुपदेशक येत आहेत. तरीही खुर्चीवर येऊन बसलेलं पोर बोलत नाही, तेव्हा यातलं काहीच पुरत नाही.

नववी-दहावीच्या वयाचं मूल समोर बसतं आणि "काय झालं?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "काही नाही." त्याला मोठ्या माणसाचा प्रत्येक प्रश्न चौकशीच वाटतो. घरी आई विचारते, वर्गात बाई विचारतात, क्लासमध्ये सर विचारतात, आणि प्रत्येक उत्तराचा पुढे काहीतरी निकाल लागतो. मग समुपदेशकाने कितीही मऊ आवाजात विचारलं तरी ते विचारणंच असतं. अशा खोलीत जमिनीवर एक शांत कुत्रा बसलेला असला की मुलाला समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. हात कुत्र्याच्या पाठीवरून फिरत राहतात आणि नजर तिथेच असते. त्या आडोशाने पहिलं खरं वाक्य येतं, पुष्कळदा कुत्र्यालाच उद्देशून. मी ते ऐकते आणि मध्ये बोलत नाही.

हे माझ्या एकटीच्या अनुभवावर उभं नाही. न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे १९५३ साली एक मुलगा वेळेच्या बराच आधी आणला गेला. तो कुणात मिसळत नव्हता, आधीचे उपचार निष्फळ ठरले होते. लेविन्सन यांचा कुत्रा जिंगल्स तेव्हा टेबलाखाली बसलेला होता. तो मुलाकडे धावला आणि मुलाने त्याला जवळ घेतलं. पुढची काही सत्रं मूल कुत्र्याशीच खेळलं. त्या खेळात लेविन्सन यांना हळूहळू जागा मिळाली. १९६२ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि कुत्र्याला सहउपचारक म्हटलं. त्याआधी मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत हा विषय मांडला तेव्हा काही जण हसले होते.

मला त्याहून मोलाची वाटते ती पुढच्या दशकातली हकिकत. ओहायो स्टेट विद्यापीठात सॅम्युएल आणि एलिझाबेथ कॉर्सन हे दांपत्य कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करत होतं. कुत्री ठेवलेली जागा मनोविकार विभागातल्या किशोरांच्या वॉर्डापासून जवळ होती आणि भुंकणं आत ऐकू जायचं. अबोल झालेली काही मुलं त्यामुळे बोलली. त्यांना त्या कुत्र्यांशी खेळायचं होतं, त्यांची देखभाल करायची होती. म्हणजे मागणी रुग्णांची होती, डॉक्टरांनी ती ऐकली इतकंच. तिथून रुग्णालयातल्या कुत्र्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

त्या अभ्यासाला तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगायला हवं. अलीकडे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तपासणी झाली. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष हाताळणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, नुसतं बघणाऱ्यांपेक्षा किंवा वाट बघत बसलेल्यांपेक्षा कमी भरलं. २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. पण ते महाविद्यालयीन विद्यार्थी होते, आजारी किशोर नव्हते, आणि परिणाम मोजला तो त्याच दिवसापुरता. कुत्रा नैराश्य बरं करतो असं मी म्हणत नाही आणि आपल्या नियमांतही तसं कुणाला म्हणू देऊ नये. औषधं चालू राहतील, समुपदेशन चालू राहील. कुत्र्यामुळे मूल उपचारापर्यंत पोचतं, पुढच्या बुधवारी परत येतं. गळती ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी हार असते, म्हणून त्या परत येण्याची किंमत मला फार वाटते.

आणखी एक गोष्ट या खोलीत घडते, तिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. कुत्र्याला नकोसं झालं की तो ते दाखवतो. तोंड वळवतो, ओठांवरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, अंग आकसून घेतो. हँडलर म्हणतो, "आता त्याला नको आहे, थांबूया," आणि सगळे थांबतात. ज्या मुलीचं "नको" घरात कधी कुणी मोजलं नाही, ती हे डोळे मोठे करून बघते. एका लहानशा नकारावर तीन माणसांनी हात मागे घेतले, कुणी रागावलं नाही, आणि थोड्या वेळाने कुत्रा आपणहून पुन्हा जवळ आला. शाळेच्या तासाला हे शिकवता येत नाही. शरीराच्या सीमांबद्दल बोलायला मुली पुष्कळदा इथून सुरुवात करतात.

म्हणून कुत्र्याची काळजी ही माझ्यासाठी मुलांच्या काळजीचाच भाग आहे. दमलेल्या, उन्हाने धापा टाकणाऱ्या कुत्र्याला मुलांच्या घोळक्यात बसवून ठेवलं तर आपण त्यांना नेमकं उलटं शिकवू. विदर्भातल्या मे महिन्यात हे सत्र होऊच नये, असं नियमात स्पष्ट हवं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम ५५ नुसार मानसिक आरोग्य संस्थांसाठी गुणवत्तेचे आणि सेवेचे निकष ठरवणं आपल्या कामात येतं. तिथूनच सुरुवात व्हावी. जगात याच्या व्याख्या आधीच झाल्या आहेत. माणूस आणि प्राणी यांच्या नात्यावर काम करणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ साली श्वेतपत्रिका काढली. तज्ज्ञाने उद्दिष्ट ठरवून, नोंदी ठेवून केलेला उपचार वेगळा आणि आनंदासाठीची भेट वेगळी, हा भेद तिने मांडला. आपल्याकडे तो पुसला जातो. कुणी आपला प्रेमळ लॅब्राडोर घेऊन शाळेत जातो, तासभर मुलं फोटो काढतात आणि फलकावर थेरपी लिहिलेलं असतं. भेट छानच आहे, पण तिला उपचाराचं नाव देऊ नये, कारण खऱ्या उपचाराची गरज असलेल्या मुलाच्या आईवडिलांना वाटतं की उपचार झाले.

निकषांत रेबीजची लस, जंतनाशक आणि पशुवैद्यकाचं ताजं प्रमाणपत्र लागेलच. त्यावर मी वेळ घालवत नाही. वादाची होतील ती कलमं दुसरी आहेत. हँडलर मुलाबरोबर कधीही एकटा नसावा, त्याची पार्श्वभूमी तपासलेली असावी. मुलाची स्वतःची संमती घ्यावी, नुसती पालकांची सही पुरू नये. आपल्याकडे दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पूजली जातात आणि तरी कितीतरी मुलं कुत्र्याला खरोखर घाबरतात, काहींच्या घरी तो शिवलेला चालत नाही, काहींना ॲलर्जी असते. त्यांना खुलासा द्यावा लागू नये. सत्राचं चित्रीकरण पूर्ण बंद असावं. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र आणि माहिती यांना कायद्याचं संरक्षण आहेच, पण रील करण्याचा मोह शाळांना आवरत नाही, म्हणून ते पुन्हा लिहावं लागेल. आणि कुत्रा निवृत्त होईल, आजारी पडेल, मरेल, तेव्हा मुलांना काय, कुणी आणि कधी सांगायचं हे पहिल्या सत्राआधी ठरलेलं असावं. जिच्या आयुष्यातून माणसं न सांगता निघून गेली आहेत, तिच्यासमोरून कुत्राही एके दिवशी नाहीसा झाला तर आपण तिला मदतीऐवजी नवी जखम देऊ.

जात कुठली, हा प्रश्न बैठकीत निघेलच. स्वभाव तपासावा, जात नव्हे. आपल्या देशी कुत्र्यांमध्ये या कामाला योग्य अशी शांत, माणसाळलेली कुत्री मिळतात, त्यांना इथली हवा मानवते आणि ती पाळायला खर्चही कमी येतो.

खर्चाबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांचा ताण हलका करायला प्रशिक्षित कुत्री फिरतात. भरपूर शुल्क घेणाऱ्या शाळा परीक्षेच्या दिवसांत अशा कुत्र्यांना बोलावू शकतात. नगरपालिकेच्या शाळेतली मुलगी, आश्रमशाळेतला मुलगा, बालगृहातून मनोविकार विभागात आणलेलं पोर यांच्या वाट्याला ते येत नाही, आणि बोलणं सगळ्यात अवघड त्यांनाच असतं. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत किशोरांसाठी आठवड्यातून एक सकाळ ठेवा. वर्षभराच्या नोंदी ठेवा. किती मुलं परत आली, किती जणांनी नको म्हटलं, कुत्र्यांनी किती वेळा नको म्हटलं, सगळं लिहा आणि प्रसिद्ध करा. निष्कर्ष प्रतिकूल आले तर तेही आम्हाला हवेत.

समितीत मानसोपचारतज्ज्ञाबरोबर पशुवैद्यक, हँडलर, शाळेतला समुपदेशक आणि पूर्वी उपचार घेतलेली एक-दोन तरुण माणसं असावीत. मसुदा मराठीत काढावा, म्हणजे तालुक्याच्या मुख्याध्यापकालाही त्यावर हरकत घेता येईल. पुढच्या वर्षीच्या दहावी-बारावीच्या परीक्षांआधी तो आमच्या हातात पडावा, अशी विनंती. सत्रांच्या नोंदी कशा ठेवायच्या याचा नमुना लागला, तर मी वापरते तो मुलांची नावं काढून द्यायला तयार आहे.

आपली,
एक शालेय समुपदेशक