पानाबाहेर पाहायला कोण शिकवणार?

माझा आठवीतला नातू नालंदावर प्रकल्प करत होता. मोबाइलवर सर्वात वर आलेले पान त्याने अथपासून इतिपर्यंत वाचले आणि वहीत नेटके मुद्दे काढले. मीही इतिहासाचा जुना विद्यार्थी. कौतुकाने त्याची पाठ थोपटली. हे लिहिले कोणी, हा प्रश्न मात्र आम्हा दोघांनाही सुचला नाही. संध्याकाळी पाहिले, तर ते पान सहलींचे आरक्षण करणाऱ्या एका कंपनीचे निघाले आणि त्यात नालंदाच्या स्थापनेचे शतकच चुकलेले होते.

छापील पाठ्यपुस्तकामागे लेखक, संपादक आणि मंडळ असते. ती चाळणी आधीच लागलेली असल्याने विद्यार्थ्याने लक्षपूर्वक वाचले की काम भागते. ऑनलाइन मजकुराला चाळणी वाचकानेच लावायची असते आणि तेथे लक्षपूर्वक वाचन हीच कधी कधी अडचण ठरते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेला अभ्यास आम्हा इतिहासवाल्यांना खजील करणारा आहे. इतिहासाचे १० पीएच.डी.धारक, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवी विद्यार्थी यांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवायला सांगितले. इतिहासकार आणि विद्यार्थी पान बारकाईने वाचत राहिले. भारदस्त नाव आणि बोधचिन्हाला अनेकदा भुलले. तपासनीसांनी मात्र पान जेमतेम पाहून सोडले, दुसऱ्या खिडकीत त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते शोधले आणि कमी वेळात अधिक अचूक निष्कर्ष काढला.

ही युक्ती शिकवण्याजोगी आहे. केरळमधील कन्नूर जिल्हा प्रशासनाने २०१८ च्या सुमारास सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. त्यामागे गोवर-रुबेला लसीविषयीच्या अफवांचा अनुभव होता. त्याच वर्षी देशभर फिरलेली मूल पळवण्याची चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेची जाहिरात होती. मूल परत सोडले जाते तो शेवटचा भाग तेवढा कापलेला होता. त्या अफवांपायी ठिकठिकाणी निरपराध माणसे जमावाच्या हातून मारली गेली.

पाचवीतील निम्म्याहून अधिक ग्रामीण मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, तिथे हे चोचले कशाला, असा आक्षेप येईल. आकडा खरा आहे. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालातलाच आहे. पण तोच अहवाल सांगतो की १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. वाचन पक्के होईपर्यंत फोन थांबत नाही.

पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून आपण मुलांना ‘दीक्षा’च्या दारापर्यंत नेले, हे चांगलेच झाले. त्या दारापलीकडे खुले बाजारपेठेचे मैदान आहे आणि त्याविषयी अभ्यासक्रमात फारसे काही हाती लागत नाही. नवा विषय, नवे पुस्तक, नवी निविदा यांतले काहीही नको. (निविदांचे पुढे काय होते, हे मी नोकरीत पुरेसे पाहिले आहे.) सहावीपासून समाजशास्त्राच्या तासाला शिक्षकाच्या एका फोनवर, एकाच घटनेविषयीची दोन पाने शेजारी ठेवावीत. कोण सांगते, त्याचा त्यात लाभ काय आणि इतर काय म्हणतात, एवढेच विचारावे. मात्र वार्षिक परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न हवा; गुण नसलेला धडा आपल्याकडे शिकवला जात नाही.

नातवाने प्रकल्पातले शतक दुरुस्त केले. शिक्षिकेने प्रकल्पाला पूर्ण गुण दिले. माहिती कुठून घेतली, हे मात्र तिनेही विचारले नाही.