वाडा पडू दे, मग बघू

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकात नोटिसांचं पीक येतं. महापालिका अधिनियम, कलम 264: इमारत धोकादायक आहे, दुरुस्त करा नाहीतर उतरवून घ्या. एका वाड्याच्या दारावर बघितली. कोरलेल्या गणेशपट्टीखाली खळीनं डकवलेली, तिच्याखाली आदल्या वर्षीची, तिच्याही खाली आणखी जुनी. मजकूर तोच, सही करणारा साहेब तेवढा वेगळा.

आपलं वारसा धोरण म्हणतात ते हेच. वाडा पडायची वाट बघायची आणि पडला की 'आम्ही सांगितलं होतं' म्हणायचं.

मालकाला शिव्या घालणं सोपं आहे. पण 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं त्याला वर्षाला 4 टक्के वाढ मिळते. शंभर रुपये भाड्यावर चार रुपये! त्यात चहासुद्धा येत नाही, सागवानी तुळई कुठून येणार? भाडेकरूनं स्वतः हात लावावा तर मालक कोर्टात खेचणार, घर सोडावं तर हक्क जाणार. म्हणून दोघंही गळक्या पन्हळीकडे बघत बसतात. वाडा उभा असेपर्यंत त्यात कुणाचंच भलं नाही. तो आडवा झाला की मात्र बिल्डरला गल्लीचा पत्ता बरोब्बर सापडतो.

आणि दुरुस्ती होते तीही जीवघेणी. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा! माती ओल धरते आणि सोडते. चुन्याच्या गिलाव्यातून ती निघून जाते, सिमेंट तिला आतच कोंडतं. वरून भिंत गुळगुळीत, आत चिखल, आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक त्या चिखलात कुजत जातं. मग इंजिनिअर टिचकी मारून सांगतो, लाकूड संपलंय. संपवलं कुणी, साहेब?

सरकारनं तरी स्वतः काय दिवे लावले? पेशवेकालीन सरकारवाड्यात वर्षानुवर्षं पोलीस ठाणं थाटलं. 1756 च्या सुंदरनारायण मंदिराचे दगड जीर्णोद्धारासाठी उतरवले आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. ज्यांना स्वतःचं एक देऊळ वेळेत उभं करता येत नाही, ते एखाद्या विधवा मालकिणीला मुदतीत दुरुस्ती करायला सांगतात.

अहमदाबादेत पोळांमधल्या, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांमधल्या, वारसा घराचा मालक न वापरलेलं चटईक्षेत्र विकून दुरुस्तीला पैसा उभा करू शकतो. आपल्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा इमारतींना टीडीआर, म्हणजे असाच विकता येणारा बांधकाम हक्क, आहे. पण आधी वारसा यादीत नाव हवं, आणि नाव येणार म्हटलं की मालकाची झोप उडते. बंधन त्याच दिवशी लागू होतं, मोबदला फायलीत फिरत राहतो. आधी मोबदला हातात द्या, मग बंधन घाला. किती मालक नाही म्हणतात ते बघू. गल्लीत बंब शिरत नाही म्हणून क्लस्टर, म्हणजे सगळ्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास, हवा, हा मुद्दा खोटा नाही. पण बंबासाठी रस्ता काढायला सगळी पेठ सपाट करावी लागत नाही.

हेरिटेज वॉकवाल्यांनीही फार खूश होऊ नये. फोटो काढण्यापलीकडे त्यांनी एका कौलाचे पैसे दिलेले मला ठाऊक नाहीत.

वाडा पडला की दुसऱ्या दिवशी टेम्पो येतो. खांब शहराबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये 'पारंपरिक बैठक' म्हणून उभे राहतात, आणि तिथलं एका रात्रीचं भाडं वाड्यातल्या भाडेकरूच्या वर्षाच्या भाड्याहून जास्त असतं. लाकूड अजून भक्कम आहे, असं तिथला मॅनेजर कौतुकानं सांगतो.