तासांची बेरीज म्हणजे तयारी नव्हे

डी. फार्म.चा दोन वर्षांचा अभ्यास झाला की विद्यार्थ्याने किमान तीन महिन्यांत 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे आणि त्यांतले निदान 250 तास डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार औषधे देण्यात जावेत, असा नियम आहे. नियम चांगला आहे, पण त्याचा सारा भर तासांवर आहे. हे तास परभणीच्या जिल्हा रुग्णालयात भरा की जिंतूर-गंगाखेडच्या एखाद्या मेडिकलमध्ये, सही-शिक्क्याच्या कागदावर वेळ दिसते, कौशल्य दिसत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या या जिल्ह्यात इन्सुलिन घरी कसे ठेवायचे, हे पाथरीहून आलेल्या आजीबाईंना पटेल असे सांगता येते का? लेकराच्या वजनानुसार पातळ औषधाचा डोस काढता येतो का? दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर एकच औषध वेगवेगळ्या नावांनी आले, तर ते ध्यानात येते का? रुग्णाचे बरे-वाईट ज्यांवर ठरते, ते प्रश्न हे आहेत.

यासाठी 2022 च्या नियमांनी फार्मासिस्ट म्हणून नोंदणीआधीची एक्झिट परीक्षा आणलीच आहे, असे कुणी म्हणेल. ती आवश्यक आहे, पण बहुपर्यायी प्रश्नांतून कळते ते स्मरण आणि समज. माहीत असणे, कसे करायचे ते ठाऊक असणे, करून दाखवणे आणि रोजच्या कामात खरोखर करणे, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, हे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्येच मांडले. करून दाखवण्याची पायरी तपासणारी, ठरावीक कसोट्यांची परीक्षा रोनाल्ड हार्डेन यांनी डंडीमध्ये 1975 साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी रुजवली. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही तोच न्याय लागू व्हायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रशिक्षणाच्या ठिकाणीच असे मूल्यमापन करायचे, तर खिडकीपुढे रांग असताना फार्मासिस्टने गुण कधी द्यायचे, आणि ओळखीच्या दुकानदाराच्या गुणांवर भरवसा कसा ठेवायचा? त्यावर उपाय एकाच मोठ्या परीक्षेत नाही, अनेक छोट्या निरीक्षणांत आहे. चिठ्ठी वाचणे, औषध काढणे, लेबल लावणे, रुग्णाला समजावणे, चूक ओळखून डॉक्टरांना विचारणे, अशा ठरलेल्या मोजक्या कामांचे आठवड्यातून एकदा दहा मिनिटे निरीक्षण करावे, तिथेच उणीव सांगावी आणि महिन्याने तीच कामे पुन्हा पाहावीत. एक निरीक्षक दुकानातला, दुसरा महाविद्यालयातला असावा आणि दोघांची मोजपट्टी एकच असावी. म्हणजे मर्जीला वाव कमी उरेल. रुग्णाच्या हाती औषध जाण्याआधी नोंदणीकृत फार्मासिस्टची नजर त्यावरून फिरलीच पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

परभणीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याने आणि जिल्ह्यातल्या फार्मसी महाविद्यालयांनी मिळून या निरीक्षणांच्या नोंदींसाठी एक समान मूल्यमापन-वही तयार करावी. त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. फार्मसी कौन्सिलने पुढे 500 तासांसोबत ही वहीही अनिवार्य करावी. जी कामे विद्यार्थ्याला अजून नीट जमत नाहीत, ती जमेपर्यंत त्याचे प्रशिक्षण पूर्ण झाले असे मानू नये. यात थोडा उशीर होईल, पण तो उशीर चुकीच्या डोसपेक्षा केव्हाही स्वस्त आहे.