विश्लेषण : बायपास झाले, जुन्या महामार्गाच्या जागेचे काय?

पुणे-नाशिक महामार्गावरील लांब पल्ल्याची वाहने आता मंचर आणि नारायणगावच्या बाहेरून जातात. नारायणगावचा बायपास २०२१ मध्ये खुला झाला. गावांतील जुन्या रस्त्यालगतच्या जागेवर झाडे लावता येतील का?

जागा कोणाची?
बायपास झाल्यावर गावातील जुना तुकडा एकदा दुरुस्त करून राज्याकडे सोपवण्याची पद्धत आहे. एसटी आणि बाजाराच्या गाड्यांसाठी हा रस्ता लागतोच. मात्र अवजड वाहतुकीसाठी राखलेली जादा रुंदी आणि रस्ता सरळ करताना बाजूला पडलेली वळणे मोकळी होऊ शकतात. नियोजन नसेल, तर अशा जागी आधी राडारोडा पडतो आणि मग टपऱ्या उभ्या राहतात.

असे कुठे झाले आहे?
न्यूयॉर्कमध्ये १९८० मध्ये बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ मध्ये ‘हाय लाइन’ उद्यान सुरू झाले. मुंबईत माहीमच्या कचराभूमीवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ मध्ये खुले झाले. माटुंग्यात तुळपुळे उड्डाणपुलाखालच्या जागेत रहिवाशांच्या पाठपुराव्यामुळे २०१६ मध्ये चालण्याचा मार्ग आणि बाग झाली.

तेच इथे करता येईल का?
जसेच्या तसे नाही. ‘हाय लाइन’ची ओळख म्हणजे मोकळे वाढलेले गवत आणि झुडपे. जुन्नर-आंबेगावात बिबट्या उसात राहतो, तिथेच पिल्ले वाढवतो. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच भागात आहे. वस्तीला लागून दाट झुडपे वाढली, तर बिबट्याला आडोसा मिळेल. कचरा साचला, तर भटकी कुत्री येतील आणि त्यांच्यामागे बिबट्याही. त्यामुळे इथे वड, कडुलिंब, करंज अशी उंच वाढणारी झाडे हवीत. त्यांच्या बुंध्याखालची जागा मोकळी, नजर आरपार जाईल अशी असावी. रात्री दिवे आणि रोज कचरा उचलणे हा खर्च सुरुवातीपासूनच धरावा लागेल.

हा खर्च कोण करणार?
खरी अडचण इथे आहे. लागवडीसाठी निधी एकदा मिळतो. पाणी, छाटणी आणि सफाई मात्र वर्षानुवर्षे करावी लागते. ‘हाय लाइन’चा बहुतांश खर्च एक स्वयंसेवी संस्था देणग्यांतून उभा करते. मंचरला नगरपंचायत आहे, नारायणगावात ग्रामपंचायत. दोन्हीकडे उत्पन्न आणि मनुष्यबळ मर्यादित आहे. देखभालीची तरतूद नसेल, तर लावलेली रोपे उन्हाळ्यातच वाळतील आणि उरतील ती झुडपे.

आता काय व्हायला हवे?
आधी मोजणी करून सरकारी हद्द निश्चित करावी लागेल. रस्त्यासाठी किती रुंदी लागते, हे सार्वजनिक बांधकाम विभागाने ठरवावे. लागवडीच्या आराखड्यावर वन विभागाचे मत घ्यावे. आज टपरीवर पोट असलेल्यांसाठी जागाही त्याच आराखड्यात दाखवावी लागेल. हद्द ठरायला जितका उशीर होईल, तितकी सावलीसाठी उरणारी जागा कमी होत जाईल.